समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षानंतर: आकडे, घर आणि एक अडलेला प्रश्न

येरळाकाठ (धागालेखक)

नमस्कार. मी मूळचा खटाव तालुक्यातला असून सध्या साताऱ्यात राहून बी. ए. करतो आहे. पहिल्या वर्षाला समाजशास्त्राची प्राथमिक ओळख करून देणारा विषय होता आणि त्याची परीक्षा नुकतीच आटोपली. पुढे स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल एवढ्याच विचाराने आमच्यापैकी बहुतेकांनी हा विषय घेतला होता. समाजशास्त्र हे नाव रूढ करणाऱ्या ऑग्युस्त कॉम्तपासून सुरुवात, मग व्याख्या, वैशिष्ट्ये, प्रकार आणि शेवटी ‘टिपा लिहा’ अशी त्याची ठरलेली वाट आहे. परंतु या विषयामुळे माझ्या पाहण्यात जो फरक पडला तो उत्तरपत्रिकेत कोठेच बसत नव्हता, म्हणून येथे सविस्तर मांडतो आहे. शेवटी एक प्रश्न आहे आणि त्यावर जाणत्यांचे मत हवे आहे.

आमच्या भागातील पुरुषांनी मुंबईला जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आजोबा गिरणीत होते. वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार आहेत. हे असे का, याची चर्चा घरात कधी झाली नाही. ‘पोटासाठी जावे लागते’ एवढे उत्तर सर्वांना पुरत असे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राईट मिल्स यांनी १९५९ मध्ये मांडलेला, एकट्याची अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतला भेद वर्गात शिकवला गेला आणि तेथे मी प्रथम थबकलो. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर कारण त्याच्या अंगच्या गुणांत आणि त्याला मिळालेल्या संधींत शोधणे योग्य ठरते. परंतु पाच कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून काहीही हाती लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. वडिलांचे घरापासून दूर राहणे, आईने एकटीने शेती आणि आजारपणे निभावणे, वडील जत्रेला आणि दिवाळीला येणे, या सगळ्याला मी आमच्या घराचे नशीब समजत आलो होतो. आमच्या आळीत, शेजारच्या गावात, माण तालुक्यात, पाटणच्या खोऱ्यात हीच गोष्ट घरोघरी घडत असेल, तर तिचे कारण आमच्या उंबऱ्याच्या आत सापडणार नाही, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर प्रकल्पासाठी आम्हाला जिल्ह्याची जनगणना पाहण्यास सांगितले गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया आहेत, तर सातारा जिल्ह्यात ९८८. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे २००१ मध्ये, हा आकडा ९९५ होता, आणि १९९१ पर्यंत तर तो हजाराच्या वर असे. वर्गातील बहुतेकांनी यावरून असा अर्थ काढला की आपल्या जिल्ह्यात स्त्रियांना मान आहे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव आपल्याच जिल्ह्यातले, जोतीरावांचे मूळ गाव कटगुणही आपल्याच तालुक्यातले, हे दाखलेही लगेच पुढे आले. मग बाईंनी त्याच जनगणनेतील शून्य ते सहा वयोगटाचे कोष्टक काढायला लावले. तेथे हजार मुलांमागे मुलींची संख्या नऊशेच्याही खाली होती. वर्गात बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

एकाच जिल्ह्यात एकूण लोकसंख्येचा आकडा असा आणि बालकांचा तसा कसा, हे कोडे सोडवताना मला समाजशास्त्राची खरी गोडी लागली. पहिला आकडा स्त्रियांच्या सन्मानाचा नाहीच. जे पुरुष मुंबईत मोजले गेले त्यांच्या गैरहजेरीचा तो आकडा आहे. कोष्टकात ज्या जागा रिकाम्या आहेत त्यांत माझे वडील आहेत. दुसऱ्या आकड्यात ज्यांच्या जागा रिकाम्या आहेत त्या मुली मात्र कोठेच मोजल्या गेलेल्या नाहीत.

ही आकडेवारी पाहिल्यावर नकुशा हे नाव आठवल्यावाचून राहिले नाही. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने शोध घेऊन अडीचशेहून अधिक ‘नकुशा’ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मुलीमागून मुलगी झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत होती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये ‘सामाजिक तथ्य’ ही कल्पना मांडली: आपल्या जन्माआधीपासून असलेल्या, आपल्या बाहेर असलेल्या आणि आपल्यावर सक्ती करणाऱ्या वागण्याच्या, विचार करण्याच्या रीती. पुढे १८९७ मध्ये आत्महत्यांच्या अभ्यासात त्यांनी दाखवले की मरणारी माणसे दरवर्षी वेगळी असली तरी एकेका समाजातील प्रमाण वर्षानुवर्षे फारसे हलत नाही, आणि धर्म, कुटुंब यांसारख्या बंधनांच्या घट्टपणाप्रमाणे ते बदलते. बारशाइतकी घरगुती गोष्ट दुसरी नसेल; तरीही एकमेकांना न ओळखणाऱ्या इतक्या घरांनी आपल्या लेकीसाठी तेच एक नाव निवडले. सामाजिक तथ्य म्हणजे काय, हे मला या उदाहरणाने व्याख्येपेक्षा अधिक नीट समजले.

आता माझा प्रश्न. असे नाव ठेवणे हे जर सामाजिक तथ्य असेल, समाजाची सक्ती असेल, तर त्या मुलीच्या आजीला, बापाला आपण दोष देऊ शकतो का? समाजशास्त्र शिकत गेल्यावर प्रत्येक माणसाच्या वागण्यामागे काही ना काही कारण दिसू लागते आणि कोणाला जबाबदार धरणे अवघड होऊन बसते. मला हे मान्य करवत नाही, आणि नाकारताही येत नाही. आपणा सर्वांना याविषयी काय वाटते?

कोयनाकाठ

लेख प्रामाणिक आहे आणि आकड्यांचा भाग मला विशेष आवडला. तरीही एक शंका स्पष्टपणे मांडतो. मी व्यवसायाने अभियंता आहे. पूल कोसळला तर तो का कोसळला हे आम्हाला गणिताने दाखवावे लागते. समाजशास्त्र जे सांगते ते आपल्या आजीला ठाऊक नव्हते असे काय आहे? माणसे पोटासाठी मुंबईला जातात, लोकांना मुलगा हवा असतो, लग्ने जातीत होतात. ही माहिती गावातील कोणताही शहाणा माणूस पारावर बसून देईल. तिला परदेशी विद्वानांची नावे जोडल्याने तिचे शास्त्र होते का? धागालेखकांचा अनादर करण्याचा हेतू नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला या विषयातून नेमके नवे काय मिळते, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

अजिंक्यतारा

मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवला आणि आता निवृत्त आहे. कोयनाकाठ यांची शंका दरवर्षी पहिल्या बाकावरून विचारली जात असे, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे मत आहे.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. भाताच्या बाबतीत ते खरे ठरते, कारण सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. गाव तसे शिजलेले नसते. पारावर बसणारा शहाणा माणूस बहुधा पुरुष असतो, बहुधा जमीनदार असतो, आणि पारावर बसण्याची ज्यांना मुभा नसते त्यांच्याविषयीही तो तेवढ्याच खात्रीने बोलतो. त्याचे म्हणणे चूक असेलच असे नाही, परंतु ते पडताळून पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर कोणी टाकलेली नसते. धागालेखकांच्या वर्गात काय घडले ते पुन्हा वाचावे. ‘आपल्या जिल्ह्यात स्त्रियांना मान आहे’ हे पारावरचे शहाणपणच होते, आणि ते दुसरे कोष्टक उघडेपर्यंत टिकले.

दुसरे उदाहरण आपल्या गावाशी जोडलेले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आज तीच शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याच विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात, भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षे होते. लग्ने जातीत होतात हे त्या काळी प्रत्येकाला ठाऊक होते, हे कोयनाकाठ यांचे म्हणणे अगदी खरे आहे. परंतु डॉ. आंबेडकरांनी विचारलेला प्रश्न कोणी विचारला नव्हता: एखाद्या गटाला आपली सर्व लग्ने गटातच लावायची असतील, तर त्यासाठी त्याला कोणकोणती व्यवस्था करावी लागेल? विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली तरच हे जमते. नवरा आधी वारला तर विधवा ‘जास्तीची’ ठरते. ती गटाबाहेर लग्न करील किंवा गटातील कुमारिकेच्या वाट्याचा वर घेईल, ही भीती निर्माण होते. सती, सक्तीचे वैधव्य आणि विधुरासाठी लहान वयाची वधू या तीन प्रथा त्यांनी या एका कोड्याच्या उत्तरादाखल एकत्र आणून दाखवल्या. तोवर या प्रथांची चर्चा धर्म किंवा क्रौर्य म्हणून वेगवेगळी होत असे. वरच्यांनी दार बंद केले आणि मग खालच्यांनी काही अंशी अनुकरणाने आपापली दारे बंद केली, असेही ते सांगतात. पुढे म्है. ना. श्रीनिवास यांनी १९५२ च्या ग्रंथात संस्कृतीकरणाची, म्हणजे खालच्या जातींनी वरच्यांच्या रीती उचलून आपले स्थान उंचावू पाहण्याची, कल्पना मांडली, तिच्याशी या अनुकरणाच्या विचाराचे नाते सहज लक्षात येते.

पूल का कोसळला हे आपण सांगता. पूल उभा का राहतो हेही आपणच सांगता, आणि ते अधिक कठीण असते. जात इतकी शतके उभी कशी राहिली, याचे उत्तर त्या निबंधात शोधलेले आहे.

धागालेखकांच्या प्रश्नाविषयी एवढेच सांगतो की दुर्खीम प्रमाणाचे स्पष्टीकरण देतात, एकट्या माणसाचे देत नाहीत. एखाद्या तालुक्यात हजार घरांपैकी साधारण किती घरे हे नाव ठेवतील याचा अंदाज करता येईल. ते घर तुमचेच असले पाहिजे, असे कोणतेही समाजशास्त्र सांगत नाही. त्याच आळीत, तेवढ्याच मुली झालेल्या आणि तेच टोमणे ऐकलेल्या एखाद्या घराने आपल्या लेकीचे नाव विजया ठेवलेले असते. ते घर तसे का वागले, हा प्रश्नही अभ्यासाचा आहे.

विटेकर

मी खानापूर तालुक्यातला. आमचे घर गलाईच्या धंद्यात आहे, म्हणजे सोन्याचांदीची आटणी आणि शुद्धीकरण. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे आहे, त्यामुळे शास्त्रीय शब्द मला ठाऊक नाहीत. परंतु स्थलांतराविषयी थोडे सांगू शकतो.

आमच्याकडच्या माणसांना कोणीही विचारले तर ते सांगतील की दुष्काळामुळे घर सोडावे लागले. हे खरेच आहे. परंतु दुष्काळ जतलाही होता आणि माणलाही होता. माणचा माणूस मुंबईला ओझी उचलायला गेला आणि विट्याचा माणूस कोइम्बतूर, मदुराई, कोचीला भट्टी पेटवायला गेला. माणूस घरातून का निघाला एवढे दुष्काळ सांगतो. तो कोणत्या गाडीत बसला हे दुष्काळ सांगत नाही. ते ठरले कोणाचा मामा, कोणाचा चुलता आधी कोठे पोहोचला होता यावरून. मी पंधराव्या वर्षी चुलतमामांच्या दुकानात गेलो. तेथे पगार नव्हता. जेवणखाण आणि काम शिकणे एवढेच होते. सोन्याच्या धंद्यात परक्या पोराला आत घेत नाहीत, आणि मी परका नव्हतो, कारण मी काही गैर केले असते तर त्याचा जाब विट्यात माझ्या वडिलांना द्यावा लागला असता. इतक्या दूरच्या गावी माझ्यावर ठेवलेल्या विश्वासाचा जामीन आमचे गाव होते.

आता टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आमच्या बऱ्याच गावांत पोहोचले आहे. ज्या कारणाने आजोबा बाहेर पडले ते कारण बऱ्याच अंशी गेले, तरी पोरे अजूनही जातात. वाट मळलेली आहे म्हणून जातात, आणि ज्या घरातून कोणीच बाहेर गेले नाही त्याची सोयरिकीच्या वेळी चौकशी होते म्हणूनही जातात. याला आपल्या शास्त्रात काय म्हणतात ते जाणकारांनी सांगावे.

माणगंगा

विटेकरदादा, आपण जे लिहिले आहे त्याला साखळी स्थलांतर म्हणतात, आणि आपण ते पुस्तकापेक्षा चांगले सांगितले आहे. नात्यागोत्याच्या जाळ्याने माहिती, निवारा आणि जामीन या तिन्ही गोष्टी पुरवल्या की मूळ कारण संपले तरी जाणे सुरू राहते.

येरळाकाठ यांच्या लेखात मला एका ठिकाणी थांबावे लागले. आईने एकटीने शेती निभावली, असे आपण लिहिता. आमच्या आटपाडीकडेही पुरुष बाहेर असलेल्या घरांत हेच चित्र आहे. पेरणी कधी करायची, मजूर किती लावायचे, बैल ठेवायचा की विकायचा, हे बाई ठरवते. परंतु सातबारा पाहा. सोसायटीचे सभासदत्व कोणाच्या नावावर आहे ते पाहा. पीककर्जाच्या कागदावर सही करायला माणूस मुंबईहून येतो. तेव्हा ९८८ हा आकडा सन्मानाचा नाही एवढेच म्हणून थांबू नये. ज्या बायका त्या आकड्यात मोजल्या गेल्या, त्या कोणत्या अटींवर गावात आहेत, हाही प्रश्न विचारायला हवा.

दुसरी गोष्ट बालकांच्या आकड्याविषयी. नकुशा हे नाव आणि मुलींचे घटलेले प्रमाण या दोन गोष्टी एकाच मनोवृत्तीतून आल्या असल्या, तरी त्या एकच नाहीत, हे नीट लक्षात घ्यावे. ज्या घराने नकुशा नाव ठेवले, त्या घरात ती मुलगी जन्मली, वाढली, शाळेत गेली. पुढचा मुलगा होईल म्हणून वाट पाहण्याची तयारी त्या घराची होती. कुटुंब लहान ठेवायचे ठरल्यावर आणि गर्भाचे लिंग आधी कळू लागल्यावर वाट पाहण्याची गरजच उरली नाही. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. म्हणजे ऐंशीच्या दशकातच ही गोष्ट कायदा करण्याइतकी फोफावली होती. यात अडाणीपणाचा संबंध किती आणि ऐपतीचा किती, हे ज्याने त्याने तपासून पाहावे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील प्रमाण २००१ मध्ये ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर आले. त्या दहा वर्षांत राज्यात शाळा वाढल्या, पैसाही वाढला.

आता जबाबदारीचा प्रश्न. त्यासाठी मी हक्कसोडपत्राचे उदाहरण घेते, कारण ते आपल्या प्रत्येकाच्या घरात सापडेल. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. तरीही वडील वारल्यावर बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येतात, अंगठा लावतात किंवा सही करतात, आणि आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून देतात. कागदावर ‘राजीखुशीने’ असे लिहिलेले असते. कोणी हात धरून सही करून घेतलेली नसते. विचारले तर ती सांगते, ‘माहेर तुटायला नको.’ भाऊबीज, मुलांच्या लग्नातला मामाचा मान, सासरी काही विपरीत घडले तर परत येण्याचे एकमेव दार, हे सर्व त्या सहीवर अवलंबून आहे, हे तिला नीट कळते. ती फसलेली नाही. तिने हिशेब केलेला आहे. फक्त हिशेबाची रीत तिने ठरवलेली नाही. येरळाकाठ, येथे दुर्खीम यांची सक्तीही आहे आणि माणसाचा निर्णयही आहे. दोहोंपैकी एक निवडावेच लागते असे आपण धरून चालला आहात, आणि मला ते पटत नाही. सक्ती सर्वांवर असली तरी तिचा लाभ सर्वांना होत नाही. ज्याला तो होतो त्याला अधिक जबाबदार धरता येते.

आणखी एक सांगते. व्यक्ती आणि समाज यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे एकत्र आलेली माणसे. वाळवा तालुक्यातील कासेगावात गेल ऑम्व्हेट राहत असत. अमेरिकेत जन्मलेल्या या समाजशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातील सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले आणि २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले. ज्या मुक्ती संघर्षाच्या चळवळीशी त्या जोडलेल्या होत्या, तिने खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा धरणाचा लढा दिला. त्या धरणाच्या पाण्याचे वाटप जमिनीच्या प्रमाणात न करता कुटुंबागणिक समान करावे आणि भूमिहीनांनाही वाटा मिळावा, हे तत्त्व तेथे मांडले गेले. ज्याची जमीन त्याचे पाणी, ही रीतही तोवर सामाजिक तथ्यच होती. एकट्या शेतकऱ्याला ती मोडता आली नसती.

येरळाकाठ

ताई, सर, विटेकरदादा, आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. कोयनाकाठ यांचेही आभार, कारण त्यांच्या शंकेमुळे चर्चा मूळ मुद्द्यापर्यंत गेली.

हक्कसोडपत्राचे उदाहरण मी दोन वेळा वाचले. आमच्या वर्गात ‘सामाजिक नियंत्रणाची साधने’ या प्रकरणात औपचारिक आणि अनौपचारिक असे दोन प्रकार शिकवले गेले. कायदा औपचारिक, आणि लोकरीती, लोकनीती अनौपचारिक. परीक्षेत मी ते बिनचूक लिहिले. पण येथे कायदा एका बाजूला ओढतो आणि माहेरची माया दुसऱ्या बाजूला, आणि अनौपचारिक मानलेले साधन सरकारी शिक्क्यानिशी जिंकते, हे त्या प्रकरणात कोठेच नव्हते. असे असेल तर हे दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे ठेवता येतात का, याविषयीच मला आता शंका आहे.

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हाच विषय घ्यावा असे मनात आले आहे. आमच्याच गावात, ओळखीच्या घरांतून माहिती घेणे सोपे जाईल असे वाटते. यात काय काळजी घ्यावी?

कोयनाकाठ

अजिंक्यतारा सरांचे उत्तर मला बऱ्याच अंशी पटले. पूल उभा का राहतो, हा प्रश्न मी या विषयाला लावून पाहिला नव्हता. तरीही पडताळणीचा मुद्दा कायम आहे. सही करणारी बहीण ‘माहेर तुटायला नको’ असे सांगते, हे तिचे म्हणणे झाले. तेच खरे कारण आहे हे कसे ठरवणार? आमच्याकडे काँक्रीटचा ठोकळा खोटे बोलत नाही.

अजिंक्यतारा

हा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर येरळाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याशी जोडलेले आहे.

ओळखीच्या घरात माहिती मिळणे सोपे जात नाही. बहुतेक वेळा ते अवघड जाते. परक्या माणसाला बाई जे सांगेल ते शेजारच्या घरातल्या मुलाला सांगणार नाही, कारण ते संध्याकाळपर्यंत कोणाच्या कानावर जाईल याचा तिला नेम नसतो. उलट, गावातल्या मुलाला ज्या गोष्टी न विचारता दिसतात त्या परक्याला वर्षभर राहूनही दिसत नाहीत. इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वारीत स्वतः दिंडीबरोबर चालल्या. दिवसभर एकत्र अभंग म्हणणाऱ्या त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती मात्र वेगवेगळ्या होत्या, हे त्यांनी नोंदवले, आणि त्याने आपण अस्वस्थ झालो हेही लिहिले. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी आपल्याच जिल्ह्यातून जाते. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण पाहायला आपणही जातो. रिंगण सर्वांना दिसते. पंगत कशी बसते याकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि आपलाच गाव असेल तर ती अधिकच जाणीवपूर्वक लावावी लागते.

पडताळणीचे म्हणाल, तर एकाच गोष्टीकडे अनेक दिशांनी जावे. बाई एकटी असताना काय म्हणते, सासूसमोर काय म्हणते, भाऊ घरात असताना काय म्हणते, हे ताडून पाहावे. यांतील एक उत्तर खरे आणि बाकीची खोटी असे समजू नये. कोणासमोर काय बोलता येते हीच आपली माहिती असते. काँक्रीटचा ठोकळा खोटे बोलत नाही हे खरे, परंतु आपण त्याची परीक्षा घेत आहोत हे त्याला कळत नाही. माणसाला कळते, आणि त्याप्रमाणे तो वागणे बदलतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी सामाजिक कृतीचा कर्त्याच्या लेखी असलेला अर्थ समजून घेणे हे आपल्या शास्त्राचे पहिले काम मानले. कोणाचेही नाव, गट क्रमांक किंवा घराची खूण प्रकल्पात येऊ देऊ नये, आणि ज्याला बोलायचे नसेल त्याचा पिच्छा पुरवू नये.

माणगंगा

सरांच्या सूचनांना दोन गोष्टी जोडते.

पहिली, गावच्या फेरफार नोंदी पाहाव्यात. वारस नोंद कोणत्या सालची, हक्कसोडीची नोंद त्यानंतर किती काळाने झाली, किती बहिणींची नावे लागली आणि किती कमी झाली, हे त्यांतून कळते. १९९४ आणि २००५ या दोन वर्षांच्या अलीकडे आणि पलीकडे काय फरक पडला ते मोजता येईल. कायद्याने बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आणले की फक्त एका सहीची भर घातली, याचा अंदाज त्यावरून येईल. कोयनाकाठ यांचेही त्याने समाधान व्हावे.

दुसरी, या विषयावर जे प्रश्न विचारले जातात ते बहुतेक बहिणीला विचारले जातात: तू सही का केलीस, तुला काय वाटले, वाईट वाटले का. आपण भावांना विचारा. बहिणीकडे कागद घेऊन कोण गेले होते, तिने नाही म्हटले असते तर आपण काय केले असते, तिच्या हिश्श्याच्या बदल्यात आपण काय देणे लागतो असे आपल्याला वाटते, आणि ते दिले का. आपण स्वतः मुलगा आहात, तेव्हा पारावर आणि तालमीत आपल्याशी ते जसे मोकळेपणाने बोलतील तसे माझ्याशी बोलणार नाहीत. ही उत्तरे मिळाली तर ती येथे अवश्य लिहावीत; मला ती वाचायची आहेत.

येरळाकाठ

होय ताई. तालमीतल्या दोघांशी आधी बोलून पाहतो. त्याआधी वडील दिवाळीला येतील तेव्हा पहिले प्रश्न त्यांना विचारीन. माझ्या दोन्ही आत्यांची नावे आमच्या सातबाऱ्यावर नाहीत.